बघायची हत्यारं

गव्हाणच्या खाडीत कुणी डोळ्यांना काच लावून उतरलंच, तर त्याला काचेपुढचा गाळ तेवढा दिसेल. पनवेलच्या खाडीचं पाणी भरतीला ढवळतं, ओहोटीला ढवळतं, आणि पावसाळ्यात तर विचारायलाच नको. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी आपली पावलं दिसत नाहीत. त्यामुळे इथल्या आगरी-कोळी माणसानं पाण्याखालचं जग डोळ्यांनी पाहिलंच नाही; हातापायांनी पाहिलं. शिवल्या तळपायाला लागतात, चिंबोरी बिळात आकडी घालून चाचपायची असते, आणि जिताडा दिसतो तो जाळं वर आल्यावर. हे पाहणं कमी दर्जाचं होतं असं मुळीच नाही. कुठल्या भरतीला कुठल्या खाचेत काय शिरेल हे ज्याला ठाऊक, त्याला तळ दिसायची गरज कधी पडली नाही.

याच पट्ट्यातली पोरं आता थंडीत गाडी करून मालवणला जातात आणि मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात: तोंडावर काच, दातांत नळी, भोवती पट्टेरी मासे. पक्ष्यांचा नाद असलेले वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांची चौकशी करतात, खिशात पैसे असलेले लक्षद्वीपच्या परवान्यासाठी अर्ज करतात. दूरच्या, राखीव बेटावर जायचं, पाण्यात डोकं खुपसून प्रवाळ बघायचं, मान वर करून पक्षी बघायचे, आणि तिथलं काहीही न उचलता परत यायचं. यातलं शेवटचं कलम अगदी नवं आहे. बेटावर माणूस जाई तो काहीतरी आणायला: अंडी, घरटी, कासवं, मोती, चुन्यासाठी दगड. नुसतं बघण्यासाठी लागणारी बरीच साधनंही या आणणाऱ्यांनीच घडवली.

मुळात पाण्याखाली काच लागते का? हवेत किरण वळवायचं सुमारे दोन-तृतीयांश काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो आणि उरलेलं आतलं भिंग करतं. हा पडदा आणि पाणी प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात. म्हणून डोळ्याला पाणी लागलं की पडद्याचं काम बंद पडतं आणि सगळं धूसर होतं. मधे हवेचा पातळ थर ठेवला की डोळा पुन्हा कामाला लागतो. काच फक्त तो थर अडवून धरते. या हवा-पाण्याच्या खेळात वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठ्या दिसतात. तेव्हा मालवणहून आलेल्या माणसानं सांगितलेल्या माशाच्या लांबीतून चौथाई खुशाल वजा करावी.

काचेवाचून निभावणारेही आहेत. थायलंडच्या सुरिन बेटांवरची मोकेन जमातीची मुलं तळाशी जाऊन खाण्याजोगं उचलून आणतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ॲना गिसलेन यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की ही मुलं पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुपटीनं स्पष्ट पाहतात. बाहुली आकसून आणि भिंगावर ताण देऊन ती हे साधतात. पुढे स्वीडनच्या मुलांनाही सरावानं ते जमलं. पोटासाठी डोळा किती वळतो याचा हा पुरावा. गव्हाणच्या मुलांना मात्र त्याचा उपयोग नाही. गाळापुढे बाहुली काय करणार?

नळीची कथा जुनी, पण बरीचशी चकव्याची. ॲरिस्टॉटलनं हत्तीच्या सोंडेचं वर्णन करताना पाणबुड्यांच्या श्वास घ्यायच्या साधनाचा दाखला दिला आहे, म्हणजे तेव्हाही असं काहीतरी होतं. सिनेमातला नायक तळ्यात बुडी मारून पोकळ देठातून श्वास घेत शत्रूला चकवतो, तेही त्याच घराण्यातलं. पण नळी वीतभर ठीक. लांब केली की पाण्याचा दाब छातीवर बसतो आणि फासळ्या फुलतच नाहीत. महाभारतातला दुर्योधन डोहात लपला तो नळी न घेता, जलस्तंभनाच्या विद्येनं, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनं त्याचा निर्णय योग्यच म्हणायला हवा. आज दातांत धरतात ती आखूड, वाकडी रबरी नळी पोहणाऱ्यांच्या हाती रुळली १९३० च्या दशकापासून. तिला ‘स्नॉर्कल’ हे जे नाव चिकटलं ते मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवरून. पाण्याखाली राहूनच इंजिनाला हवा पुरवणारं त्यांचं धुराडं मूळ डच आरमाराचं. १९४० मध्ये हॉलंड पडल्यावर ते जर्मनांच्या हाती लागलं.

काचेचं घराणं मोत्यांकडे जातं. चौदाव्या शतकात इब्न बतूता इराणच्या आखातातल्या पाणबुड्यांविषयी लिहितो, की ते बुडी मारण्याआधी चेहऱ्यावर कासवाच्या कवचाचा मुखवटा आणि नाकाला कवचाचाच चिमटा लावत. हाच प्रवासी पुढे आपल्या किनाऱ्यानं गोवा आणि होन्नावरकडे गेला. जपानमधल्या ‘आमा’, म्हणजे शिंपले आणि समुद्री शेवाळ काढणाऱ्या बायका, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेचे चष्मे वापरू लागल्या. पाठीवरच्या हवेच्या टाक्या त्यांनी आजतागायत घेतल्या नाहीत. गावच्या सहकारी संस्थांचा नियमच तसा आहे. जितका दम तितकीच बुडी, आणि जितकी बुडी तितकंच घ्यायचं. मला हा नियम कुठल्याही अभयारण्याच्या अधिसूचनेपेक्षा शहाणा वाटतो, कारण तो घेणाऱ्यांनीच केला.

मग गाडी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर येते, आणि इथे हत्यार उघडच दिसतं. गाय गिलपॅट्रिक नावाचा अमेरिकन लेखक, एकेकाळचा वैमानिक, रिव्हिएरावर राहत होता. त्यानं विमान चालवतानाचा जुना चष्मा पुटी आणि रंग लावून जलाभेद्य केला आणि भाला घेऊन मासे मारायला उतरला. १९३८ मध्ये त्यानं या छंदावर पुस्तकही लिहिलं. तूलाँजवळच्या किनाऱ्यावर १९३६ मध्ये असाच चष्मा लावून फ्रेंच आरमारातल्या एका तरुण अधिकाऱ्यानं पाण्यात डोकं घातलं. त्याचं नाव झाक कूस्तो. तोही शिकारीलाच लागला.

या चष्म्यांत दोन दोष होते. दोन काचा एका प्रतलात नसल्या तर एकाचे दोन मासे दिसत, आणि मग भाला कुठल्या माशावर मारायचा? शिवाय खोल गेलं की दाबानं चष्मा डोळ्यांत रुतायचा. १९३० च्या दशकातच यावर उपाय निघाला: एकच सलग काच, आणि तिच्या आत नाकही. नाकानं फुंकर मारली की आतला दाब बाहेरच्याइतका होतो. मालवणचा होडीवाला आज पर्यटकाच्या तोंडावर जो मास्क चढवतो, त्यात नाक कोंबलेलं असतं ते एवढ्यासाठीच. नेम चुकू नये म्हणून केलेली ही सुधारणा आहे.

कूस्तोनं १९४३ मध्ये एमिल गान्याँ या अभियंत्याबरोबर पाठीवरच्या हवेच्या टाकीचं यंत्र तयार केलं, आणि १९५६ चा त्याचा चित्रपट कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. जगानं प्रवाळाचं बेट पाण्याखालून पाहिलं ते बहुधा त्याच पडद्यावर. त्याच चित्रपटात कूस्तोची माणसं माशांची गणती करायला खाजणात सुरुंग उडवतात आणि मेलेले मासे मोजतात. पुढे समुद्ररक्षणाचा जगभरचा चेहरा झाला तोही हाच माणूस. यात ढोंग नव्हतं. नुसतं मोजायलाही मारावं लागतं, हा त्या काळच्या शास्त्राचा साधा शिरस्ता होता.

पक्ष्यांच्या बाजूला हा शिरस्ता आणखी पक्का होता. १८७५ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम सरकारी सर्वेक्षण जहाजावरून लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या फेरीवर निघाला. जहाजाचं काम दीपगृहांच्या जागा आणि जहाजांना धोक्याचे खडक पाहण्याचं. ह्यूमचं काम पक्षी टिपण्याचं, आणि टिपायचे ते बंदुकीनं. त्याचा वृत्तांत त्याच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८७६ मध्ये आला. १८८५ मध्ये त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला तेव्हा त्यात सुमारे ८२,००० नमुने होते. त्याच वर्षी त्यानं काँग्रेस स्थापनेत पुढाकार घेतला, म्हणून आपण त्याला वेगळ्याच पाठात वाचतो.

दुर्बीण आधीच होती, पण ती रणांगणाची आणि नाटकगृहाची. इटलीच्या इग्नाझिओ पोर्रोनं लोलकांची मांडणी १८५४ मध्ये शोधली, आणि १८९४ पासून झाइस कंपनीनं तशा दुर्बिणी बाजारात आणल्या. त्यांचा मोठा ग्राहक लष्कर. एडमंड सेलस या इंग्रजानं १९०१ मध्ये ‘बर्ड वॉचिंग’ नावाचं पुस्तक काढून पक्षी न मारता तासन्‌तास बघत बसण्याची बाजू मांडली. त्याचा थोरला भाऊ फ्रेडरिक हा आफ्रिकेतला नामांकित शिकारी. एकाच घरात दोन्ही पंथ!

इकडे हेच वळण एकाच माणसात झालेलं दिसतं. हुमायून अब्दुलअली हे मुंबईच्या ‘बीएनएचएस’ या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेचे, बंदूक सराईतपणे चालवणारे, नमुन्यांच्या पेट्यांत रमणारे गृहस्थ. १९४० च्या सुमारास त्यांनी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर जाऊन तिथले सुरय आणि पाकोळ्या यांच्यावर लिहिलं. या पाकोळ्या अंधाऱ्या गुहांमध्ये टकटक आवाज करत, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात आणि लाळ मिसळून भिंतीला घरटी चिकटवतात. चिनी सूपाच्या बाजारात या घरट्यांना किंमत. इंग्रजी अमदानीत ती काढायचा हक्क ठेक्यानं जाई. पुढे चोरून काढणं चालूच राहिलं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं २००० नंतर तिथे लक्ष घातलं, तेव्हा कुठे पाकोळ्यांना राखण मिळाली. अब्दुलअलींचं मोठं काम मात्र बेटावरचं नव्हे, टेबलावरचं आहे. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशू-पक्षी संरक्षण कायदा मुख्यतः त्यांनी लिहिला. कुठला पक्षी कधी मारला जातो हे शिकाऱ्याइतकं कोणाला माहीत असणार?

अंडी, घरटी आणि किल्ला ही तिन्ही एकाच जागी पाहायची तर अमेरिकेतल्या ड्राय टॉर्टुगासकडे वळावं लागतं. फ्लोरिडाच्या टोकापलीकडे भर समुद्रात ही प्रवाळबेटं आहेत. १५१३ मध्ये स्पॅनिश खलाशी तिथे आले आणि कासवं पकडून घेऊन गेले. १८४६ मध्ये तिथे विटांचा अवाढव्य किल्ला बांधायला घेतला, तो कधी पुरा झालाच नाही. सुरयांची अंडी गोळा करणाऱ्यांनी वसाहत उजाड करत आणली म्हणून १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी ती बेटं पक्ष्यांसाठी राखीव केली. आणि १९२६ मध्ये तिथेच पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो निघाला. त्यासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून उजेड पाडावा लागला. म्हणजे इथेही स्फोट आलाच.

मालवणला यायला मला एवढा वळसा घ्यावा लागला, कारण मालवणची गोष्ट टॉर्टुगासच्या वळणाची आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, ते सिद्दी आणि टोपीकरांवर वचक बसवायला. प्रवाळासाठी नव्हे. पण बेट खडकाळ, नदीच्या मुखापासून जरा बाजूला, म्हणून तिथल्या दगडांवर प्रवाळ धरला. कोकणात हे विरळाच. प्रवाळाला उजेड लागतो, खारेपणा लागतो, आणि आपल्या नद्या चार महिने गोडं पाणी आणि गाळ ओततात. गव्हाणसमोर प्रवाळ का नाही याचं उत्तर या एका वाक्यात संपतं. याउलट विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेला ‘अँग्रिया बँक’ हा बुडालेला पठारी उंचवटा आहे. तिथे गाळ पोचत नाही आणि प्रवाळ भरघोस आहे. पण त्याचा माथाच वीसेक मीटर खोल, म्हणजे नळीवाल्याच्या आवाक्याबाहेर.

मालवणच्या प्रवाळाची शास्त्रीय नोंद व्हायला १९७९ उजाडलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर कुठे कुठे जिवंत प्रवाळ आहे ते प्रसिद्ध केलं. तोवर देशभर प्रवाळ हा बहुतेकांच्या लेखी दगडच. लक्षद्वीपमध्ये त्याची घरं बांधली, कच्छच्या आखातात प्रवाळाची वाळू सिमेंटला गेली. त्या आखातात १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालचे खडक मिळून ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा. प्रवाळ मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला तो जुलै २००१ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसायला त्याला १९७२ च्या कायद्यानंतर जवळपास तीस वर्षं लागली. लक्षद्वीपच्या पिट्टी या चिमुकल्या निर्मनुष्य बेटाला, जिथे हजारो सुरय अंडी घालतात, अभयारण्याचा दर्जा १९९५ चा.

पहिल्या अनुसूचीचा हिसका मुंबईनं २०२० मध्ये पाहिला. सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती निघाल्या. एवढ्या गढूळ पाण्यात त्या होत्या हेच नवल. वनखात्याची परवानगी काढून, समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांकडून त्या उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या.

आमच्या बाजूच्या किनाऱ्याचं नशीब वेगळं. १९७० मध्ये सिडकोसाठी ९५ गावांच्या जमिनीचं संपादन निघालं, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळ्या चालल्या आणि पाच माणसं गेली, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, २०२४ मध्ये अटल सेतू येऊन चिर्ल्याला टेकला. या सगळ्यातून जो चिखल वाचला त्यावर रोहित, चित्रबलाक, तुतवार अजून उतरतात. पाणजेच्या पाणथळीवर सुट्टीच्या दिवशी दुर्बिणी लावलेली माणसं दिसतात. पनवेल तालुक्यातलंच कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे, पण ते जंगलाचं. इथल्या खाडीच्या पक्ष्यांना तसं छत्र नाही. ज्या गाळानं आम्हाला मासे दाखवले नाहीत त्यातच पक्ष्यांचं खाणं आहे, आणि भराव टाकणाऱ्याला तो रिकामी जागा दिसतो.

मालवणात बघण्याचा धंदा आता मासेमारीच्या बरोबरीनं उभा आहे. दोन्ही करणारी माणसं बऱ्याचदा एकाच गाबीत घरातली. अभयारण्याला इथल्या मच्छीमारांचा विरोध पहिल्यापासून होता, आणि तो समजण्यासारखा आहे: रापण लावायच्या पाण्यावर कुणी नकाशा आखला आणि विचारलं नाही. मग पर्यटक आला. त्याला पोहता येत नाही, म्हणून कमरेला रबरी टायर, बरोबर एक मुलगा, आणि मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे. घाबरलेला माणूस पाय खाली सोडतो आणि ज्यावर उभा राहतो तो प्रवाळ असतो. होडीचा नांगरही तिथेच पडतो. गोव्याच्याच संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये मालवणच्या प्रवाळाला अशा बुड्यांमुळे होणाऱ्या इजांवर लिहिलं. काही न उचलणाराही मोडून जाऊ शकतो, ही गोष्ट कुठल्या फोटोत येत नाही.

ते टाळता येतं, हे वेळासला दिसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात कासवाची अंडी सर्रास उकरून नेत. २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी राखली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरवला. येणारा माणूस दोरीमागे उभा राहतो, पिल्लू पाण्यात जाताना पाहतो, आणि गावातल्या घरी जेवतो. दोरी धरणारा गावचाच, म्हणून ती पाळली जाते. मालवणला अशी दोरी पाण्यात कोण धरणार, हा प्रश्न १९८७ पासून तसाच आहे.

दरम्यान नवी तयारी चालू झाली आहे. आरमारातली ‘आयएनएस गुलदार’ ही रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी नौका पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ मध्ये दाखल झालेली, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. २०२५ मध्ये ती राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आली. निवतीच्या खडकांजवळ ती बुडवायची, तिच्या अंगावर प्रवाळ धरू द्यायचा आणि लोकांनी काच लावून ती बघायची, असा बेत आहे. तिच्या पोलादावर काही रुजलंच, तर ते टिकेल की नाही हे पावसाळ्यातला गाळ आणि होडीवाल्यांचे नांगर ठरवतील.